परत करता येतील असे टायर

मशीनताईंच्या घरात हल्ली चालायचं म्हणजे तारेवरची कसरत झाली होती. दार उघडलं की समोर दोन टायर, एकावर एक. त्यांना वळसा घालावा तर दिवाणाला टेकून तिसरा. त्याच्या पलीकडे खुर्ची, आणि खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून बसवलेला चौथा, जणू घरी आलेला पाहुणाच. घरभर कोऱ्या रबराचा वास. चहाला तो वास, टॉवेलला तो वास, उशीच्या अभ्र्यालाही तोच. ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याने उडी मारून पलीकडे जावं. ताईंचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेलेला, काडीसारखा बारीक राहिलेला. त्या कुबडीवर चालत, आणि कुबडीला टायरच्या भोकात अडकायची भारी हौस.

"अहो, हा खुर्चीतला पाहुणा तरी उठवा. मला बसायला जागा नाही."

"थांब जरा. त्याची जाडी बघायचीय."

"काल बघितलीत की."

"काल या अंगाने बघितली. आज त्या अंगाने."

हे 'अहो' म्हणजे ताईंचे यजमान. गल्लीत त्यांना सगळे काका म्हणत. ताईंचा नवरा काका कसा, हे कोडं कोणी सोडवायला गेलं नव्हतं. ताई कामामुळे ताई झाल्या होत्या आणि काका पांढऱ्या केसांमुळे काका.

काकांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नळांचे नकाशे काढले, तेही पेन्सिलीने. वरून शाई फिरवायचं काम वरच्या साहेबाचं. पेन्सिलीचं एक बरं असतं, चुकलं तर खोडता येतं. ती सवय हाडात मुरली. घराला पडदे घ्यायचे ठरले तेव्हा काकांनी कापडाचे इतके तुकडे आणून खिडकीला लावून बघितले की तोवर मुलगी बिनपडद्याच्या खिडकीत अभ्यास करून पाससुद्धा झाली. चपला घेतल्या की दुकानातली पिशवी ते जपून ठेवत, न जाणो परत करायच्या झाल्या तर! आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी झटक्यात निवडली होती. ताईंच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. काका आपल्या आईचं मशीन घेऊन तिथे गेले, गल्ल्यामागे बसलेल्या ताईंनी दोन स्क्रू फिरवून ते चालू करून दिलं, आणि संध्याकाळी काका मशीन सोडून नुसतेच परत आले. ताईंना अजून हसू येई. एवढा एक माणूस, एवढ्या एका बाबतीत घाई करून बसला.

वडिलांमागे दुकान गेलं, पण ताईंचा हात राहिला. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन मशीन दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या कोणी बाई त्या भागात नव्हत्या. आणि मशीन हे घरी जाऊनच बघायचं असतं, यावर ताई ठाम होत्या. डॉक्टरने नुसतं डोकं मागवून घेतलं तर पोट दुखतंय हे त्याला कसं कळणार? मशीन कुठे ठेवलंय, उजेड कुठून येतो, बाई बसते कशी, पाय टेकवते कसा, पट्टा किती सैल, हे सगळं त्या आधी बघत. मग डोळे मिटून म्हणत, "चालवा बघू." ऐकून झालं की पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर निघे.

यासाठीच ती तीनचाकी मोटारसायकल. पुढे एक चाक, मागे रुंद आसावर दोन, गिअर आणि ब्रेक दोन्ही हाताशी. सिग्नलला थांबलं तरी पाय टेकावा लागत नाही, ही तिची मोठी मेहेरबानी. मागच्या पत्र्याच्या पेटीत हत्यारं, तेलाचा डबा, सुयांच्या पुड्या आणि कुबडी. गाडीवर बसल्या की ताईंना पाय होता की नव्हता, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही.

टायर झिजले ते झिजलेच. झिजायचेच, त्यात कोणाचा दोष नाही. एक दिवस मोठ्या रस्त्याच्या वळणावर कोणीतरी तेल सांडून ठेवलं होतं, त्यावर मागची चाकं सरकली आणि गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. उलटली नाही, आपटली नाही. ताईंचं कोपर तेवढं खरचटलं. मागे एक पाण्याचा टँकर भोंगा वाजवत थांबला. कोणीतरी काकांना फोन केला. काका पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून धावत आले, आणि त्या चपला बघून ताईंना रस्त्याच्या मधोमध हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी काकांनी पंक्चरवाल्याला बोलावलं, गाडी विटांवर चढवली आणि तिन्ही चाकं काढली. टायर उतरवून रिमा पलंगाखाली सरकवल्या. जुने टायर रबराच्या बादल्या करणाऱ्याला त्याच दिवशी देऊन टाकले.

"अहो, नवे आणायच्या आधी जुने दिलेत?"

"त्या टायरवर तुला आता दारापर्यंतही जाऊ देणार नाही मी. नवे घेऊ. चांगले बघून घेऊ."

सगळं घोडं पेंड खात होतं ते या 'बघून'मध्ये.

टायरवाला भला माणूस. "काका, घरी न्या, निवांत बघा," तो म्हणाला. "फक्त एक लक्षात ठेवा. रिमवर चढवला की परत घेणार नाही. चढलेला टायर वापरलेला टायर." झालं! काकांना हवं ते वाक्य मिळालं. ते टायर आणत, घरात मांडत, बघत, परत करत. रिमवर मात्र एकही चढेना.

आणि प्रत्येकाला खोड काढायला काकांकडे जागा असे. पहिला आणला तो मोटारसायकलचा, मधे फुगीर आणि कडेला उतरता. काका म्हणाले, "मोटारसायकल वळताना कलते, म्हणून तिला असा गोलसर टायर. तुझी गाडी कलतच नाही. मग हा नुसता मधल्या रेघेवर चालणार आणि तेवढाच झिजणार. टाच झिजलेल्या चपलेसारखा." ते खरंच होतं. दुसरा आणला तो लहान मोटारीचा, चपटा, सगळा तळवा जमिनीला लावणारा. काका म्हणाले, "हा धरेल चांगला, पण रुंद आहे. मडगार्डला घासला म्हणजे?" घासतो का ते चढवल्याशिवाय कळणार नाही आणि चढवला तर परत देता येणार नाही. तिसऱ्याच्या खाचा फार खोल, खडे अडकणार. चौथ्याच्या फार उथळ, पाणी सरणार नाही. पाचव्याच्या कडेला छापलेली तयार झाल्याची तारीख जुनी, रबर गोदामातच म्हातारं झालेलं. पुढच्या चाकाला सरळ लांब रेघांचा टायर हवा, म्हणजे गाडी नाकासमोर चालते, हे काकांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. पण पुढचा एकटा घेऊन काय करणार, म्हणून तोही राहिला.

शेजारीण जाता-येता दारात थांबे. "काय हो काका, दुकान कधी उघडताय? मुहूर्त ठरला का?"

"निवडतोय अजून."

"निवडा, निवडा. तांदूळ निवडून झाले असते एव्हाना, भात होऊन जिरलासुद्धा असता."

परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन येई. ती उंटावरून शेळ्या हाकण्यात पटाईत. "आई, बाबांना बघू दे ना नीट. घाई कसली आहे? या वयात कशाला वणवण? मशीनं घरी मागव की. लोक आणून देतील."

"मशीन म्हणजे काय मिक्सर आहे, उचलून आणायला?"

"मशीनचं वरचं डोकं स्टँडवरून सुटं करता येतं. तूच सांगायचीस."

तूच सांगायचीस! माणसाने आपल्या मुलांना काही शिकवू नये ते यासाठीच.

आणि तसंच झालं. काकांनी उत्साहाने खिडकीशी टेबल मांडलं, वर दिवा लावला, एका रिकाम्या स्टँडला पट्टा बसवून दिला. बायका मशीनची डोकी पिशवीत घालून रिक्षातून आणू लागल्या. काका दार उघडत, डोकं टेबलावर ठेवत, चहा करत, दुरुस्त झालेलं पुसून बांधून देत. इतके आनंदात असत की ताईंना काही बोलायची चोरी. काय बोलणार? की अहो, तुम्ही चांगले आहात, म्हणून मला गुदमरतंय?

खिडकीतून गाडी दिसे. विटांवर उभी, निळ्या प्लॅस्टिकखाली. वारा आला की प्लॅस्टिक फुगे आणि बसे, एखादं जनावर श्वास घेतंय तसं. रस्त्यावरून कुठलीही मोटारसायकल गेली की ताईंचा डावा हात आपोआप टेबलाच्या कडेवर आवळला जाई, क्लच धरल्यासारखा. मग हात सोडवून त्या पुन्हा सुईकडे वळत. दिवसभरात दिवाण, टेबल, स्वयंपाकघर, मधे टायर. अंगणापर्यंत जायचं तर काका कुबडीच्या पुढे टायर सरकवत चालत, वाट मोकळी करत. "हं, ये आता." आणि ताई आल्या की मागचे टायर पुन्हा जागच्या जागी.

आता मशीन उघडण्याआधी ताईंची एक रीत होती. स्क्रू जिथे असेल तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, म्हणजे परत बसवताना कळतं की तो मुळात किती फिरलेला होता. एका दुपारी, एक ठिपका देऊन झाल्यावर, कुंचला हातात असतानाच बाजूच्या टायरकडे लक्ष गेलं. काका म्हणत होते, "हा बघ, अगदी नवी कंपनी." ताईंनी वैतागून टायरच्या आतल्या काठावर, जो रिममध्ये जातो तिथे, एक ठिपका टेकवला. हा बघून झाला, एवढंच. कोणता बघितला आणि कोणता नाही, हे तरी कळावं.

त्याच सुमारास गणवेशवाल्या बाई आल्या. शाळांचे गणवेश शिवायचा त्यांचा कारखाना, कारखाना म्हणजे एका लांब खोलीत ओळीने मांडलेली मशीनं. ताईंचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. बाई स्वतः डोकं कडेवर घेऊन आल्या होत्या, मूल आणल्यासारखं.

"ताई, हे तिसऱ्यांदा."

"परत दोरा तुटतोय?"

"तुमच्याकडून नेते तेव्हा लोण्यासारखं चालतं. तिकडे बसवलं की दहा टाके घालत नाही तर दोरा तुटला. दोन्ही वेळा तेच. पोरगी रडकुंडीला आलीय."

ताईंनी डोकं आपल्या स्टँडवर बसवलं. चाक फिरवलं, कापड सरकवलं, टाके मोत्यासारखे. दोरा तुटेना. सुई बदलून बघितली, ताण बघितला, शटल काढून बोट फिरवलं. कुठे काही नाही. 

"इथे काहीच होत नाही हो," ताई म्हणाल्या. "मला तिथे येऊन ऐकायला पाहिजे."

"मग या ना."

ताईंनी खिडकीबाहेरच्या गाडीकडे बघितलं. हत्यारांच्या ओझ्यासकट कुबडीवर रिक्षात चढ-उतर त्यांना जमत नसे. मागून काका म्हणाले, "टायर बघतोय आम्ही. एवढ्यात होईल."

बाईंनी दिवाण बघितला, खुर्ची बघितली, खुर्चीतला टायर बघितला. त्या वाईट मनाच्या नव्हत्या, पण शाळा उघडायच्या होत्या आणि ऑर्डर गळ्याशी आली होती. उठताना म्हणाल्या, "राग मानू नका ताई. वय होतं माणसाचं. हात जातो कधी कधी. मी दुसऱ्या कोणाला तरी दाखवते आता."

काका तेव्हा चहाचं आधण बघायला आत गेले होते. त्यांनी हे ऐकलं नाही. ताईंनी ऐकलं. चहा आला तेव्हा बाई निघून गेल्या होत्या.

हात गेला. ताईंनी दोन्ही हात मांडीवर घेऊन बघितले. पाय गेला तेव्हा त्या चार वर्षांच्या होत्या, त्यामुळे पाय जाणं म्हणजे काय ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. आज कळलं.

दुसऱ्या दिवशी काका दोन टायर परत करून दोन नवे घेऊन आले. रिक्षातून उतरवून आत आणले, धापा टाकत. "हे बघ. हे पूर्वी दाखवलेच नव्हते त्याने. आतून काढून दिले."

ताई जागेवरून उठल्या, कुबडी टायरच्या कडेला लावून वाकल्या. आतल्या काठावर लाल ठिपका होता.

त्यांनी तो बोटाने खरवडून बघितला. आपलाच. काका अंघोळीला गेल्यावर त्यांनी टायरवाल्याला फोन लावला.

"ताई! बोला, बोला. पसंत पडले का या खेपेला?"

"मला?"

"मग काय! काका तीच चार-पाच मॉडेलं फिरवून फिरवून नेतात. मी म्हटलं, काका, ही चपटी जोडी तर दोनदा नेऊन आणलीत. तर म्हणाले, घरी अजून मनात बसत नाही." टायरवाला हसला. "गमतीत बोलतो हं ताई, पण तुमची पसंती म्हणजे अवघड मामला. दुकानात आमच्या सगळ्यांना माहीत झालंय."

म्हणजे बाजारात चोखंदळ ठरल्या होत्या त्या ताई! ताईंना आधी हसू आलं, मग ते विरलं. दार आतून लावलेलं असतं तर कडी काढता येते. हे दार लावलेलंच नव्हतं. त्याच्यासमोर फक्त एक माणूस वाट मोकळी करत उभा होता.

काका डोकं पुसत बाहेर आले. ताई खुर्चीतला टायर खाली लोटून तिथे बसल्या होत्या. मांडीवर नेलपॉलिशची बाटली.

"अहो, हा ठिपका बघितलात?"

काकांनी चष्मा लावला. बघितला. चष्मा काढला. टॉवेलने पुसला, कोरडाच होता तरी.

"तो कुठला आहे?"

"माझा. गेल्या खेपेचा. आणि टायरवाल्याशी बोलले मी."

बराच वेळ काका टॉवेलची घडी करत राहिले. घडी झाली, मोडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "खोटं नव्हतो बोलत. दर वेळी नेताना वाटायचं, या खेपेला चढवू."

"मग?"

"घरी आणला की वाटायचं, चढवला की झालं. मग तू जाणार."

"जाणारच की. त्यासाठीच टायर असतो."

"तू त्या दिवशी हसत होतीस," काका एकदम म्हणाले. "मी पळत येत होतो आणि लांबून मला काय दिसलं? गाडी आडवी, मागे एवढा मोठा टँकर, आणि तुझे खांदे हलतायत. मला वाटलं रडतेय. जवळ आलो तर हसतेय. माझ्याच चपला दाखवून हसतेयस. मला न घसरणारा टायर पाहिजे होता."

"तसा असतो?"

"नसतो. मला माहीत आहे नसतो. जगातले सगळे बघितले तरी नसतो."

ताईंना राग यायला हवा होता. आलाही होता, पण समोर हा माणूस ओल्या केसांनी उभा. त्याच्यावर ओरडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाला दगड मारण्यासारखं. हेच तर होतं. राग ठेवायला सुद्धा या घरात जागा नव्हती, सगळीकडे टायर.

"मी काही नळ नाही," त्या म्हणाल्या, "नकाशात काढून ठेवायला. अहो, लोक म्हणायला लागलेत माझा हात गेला."

"कोण म्हणालं?"

"गणवेशवाल्या बाई. काल. तुम्ही आत होतात."

काकांचा चेहराच बदलला. जणू कोणी त्यांनाच काही बोललं होतं. "तुझा हात? तुझा? त्या बाईला काय कळतं! आईचं मशीन तू..." आणि ते थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर गल्ल्यामागे बसलेली कोण आली असेल ते ताईंना दिसलं. "इथे तर नीट चाललं होतं ते."

"इथे चालतं. तिथे चालत नाही. बिघाड तिथल्या जागेत आहे, आणि मला तिथे जाता येत नाही. पुढच्या महिन्यात आणखी दोघी म्हणतील. मग कोणी डोकीही आणणार नाही. मग आपण दोघं आणि हे चार रबरी पाहुणे."

काका दिवाणावर बसले. 'जा' म्हणाले नाहीत. 'नको' म्हणाले नाहीत. ताईंनी त्यांच्या उत्तराची वाट बघितली, मग लक्षात आलं की गेले कित्येक दिवस त्या हेच करतायत, त्यांच्या उत्तराची वाट बघतायत. त्यांनी फोन उचलला.

"ताईच बोलतेय. मागे चपटी जोडी, ती घरीच आहे. पुढे सरळ रेघांचा एक घेऊन या. आणि चढवायची हत्यारं. हो, आजच. घासलं मडगार्डला तर मडगार्ड वाकवू, त्याला काय सोनं लागलंय?"

टायरवाला दुपारी आला. काकांनी पलंगाखालून रिमा काढून दिल्या, स्वतः पुसून. अंगणात तो बसला, रिम आडवी ठेवली, टायर वर धरला आणि सवयीने म्हणाला, "काका, एकदा चढवला की परत नाही हं."

काकांनी तोंड उघडलं.

"चढवा," ताई म्हणाल्या.

हत्यार आत गेलं, रबर करकरलं. हवा भरत गेली आणि टायरचा काठ 'फट्' करून रिमच्या कडेत जाऊन बसला. काका दचकून मागे सरले. दुसऱ्या फटला तेवढे दचकले नाहीत. तिसऱ्याला दाराच्या चौकटीला धरून उभे होते. गाडी विटांवरून उतरली. मडगार्ड घासत नव्हतं, बोटभर जागा उरली होती. काकांनी ते वाकून दोनदा बघितलं. 

"नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो," टायरवाला जाता जाता म्हणाला. "पहिले काही दिवस जपून. जोरात वळू नका, जोरात ब्रेक नको."

बोलायला नको होतं ते नेमकं काकांसमोर बोलला. पण बोलून गेला होता आणि टायर चढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई निघाल्या. काकांनी पेटीत हत्यारं ठेवली, कुबडी ठेवली, हवेचा दाब पाहिला. "मी येऊ मागे बसून?" "पेटीत बसणार का?" काका हसले नाहीत. ताईंनी गाडी चालू केली.

गल्लीच्या तोंडापर्यंत त्या मजेत गेल्या. पुढे मोठा रस्ता. उजवीकडून वाहनं येत होती. मधे जागा झाली, ताई गेल्या नाहीत. पुन्हा जागा झाली. हात क्लचवर होता आणि तो सुटेना. डोळ्यांसमोर आडवी गाडी आणि टँकर. ते त्यांनी तेव्हा बघितलंच नव्हतं, त्या तर चपला बघत होत्या. हे काकांचं बघणं होतं. इतके दिवस एका घरात, एका वासात राहून ते त्यांच्यात शिरलं होतं, उशीच्या अभ्र्यात शिरलं तसं.

मागे कोणीतरी हॉर्न दिला. "बाई, जायचंय की राहायचंय?"

मागे वळून घरी जाणं फार सोपं होतं. काका दारातच उभे असणार. 'बरं झालं आलीस,' म्हणून चहा टाकतील, आणि तोंडातून एक शब्द वावगा निघणार नाही. ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं, चहाच्या वाफेसकट, की ताईंना त्या टँकरपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटली. क्लच सुटला. गाडी हळूच, म्हाताऱ्या बाईने पाण्यात पाय घालावा तशी, मोठ्या रस्त्यावर उतरली.

कारखान्यात पोचेपर्यंत फोन तीनदा वाजला. त्या तीनदा कडेला थांबल्या. "कुठे आहेस?" "रस्त्यावर." "वळण आलं?" "गेलं."

गणवेशवाल्या बाई दारात बघतच राहिल्या. ताईंनी फार बोलाचाली केली नाही. त्या मशीनपाशी स्टूल ओढून बसल्या, डोळे मिटले आणि शिवणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "चालव."

धड-धड-धड, आणि मधेच एक बारीक लंगडा ठोका. पुन्हा तोच. ताईंनी डोळे उघडले तेव्हा त्या मशीनकडे बघतच नव्हत्या, खाली बघत होत्या. "ही फरशी कधी बदलली?"

"मागे एक फुटली होती, ती बदलली. का हो?"

"नवी फरशी बाकीच्यांपेक्षा जरा वर आलीय. स्टँडचा हा पाय तिच्यावर चढलाय. पायडल दाबलं की स्टँड डुगडुगतं, चाकाला उलटा झटका बसतो आणि दोरा तुटतो." त्यांनी सुयांच्या पुडीचा पुठ्ठा चार घड्या करून दुसऱ्या पायाखाली सरकवला. "चालव आता."

दोरा तुटला नाही. कॉलर संपली, दुसरी संपली. पोरगी हसायला लागली.

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"एवढंच."

"म्हणजे मी उगाच बोलले त्या दिवशी."

"हात जागेवरच होता हो," ताई म्हणाल्या. "चाकं नव्हती."

बाईंनी आणखी दोन मशीनंही दाखवून घेतली. काम आटोपून ताई बाहेर आल्या, कुबडी पेटीत टाकली, गाडीवर बसल्या, आणि फोन वाजला.

"झालं?" काका.

"झालं. फरशी होती."

"मी म्हटलंच होतं, तुझा हात नाही." आवाजात एवढा आनंद, की ताईंना क्षणभर वाटलं, आत्ता जावं, याच्यासमोर बसून सगळं सांगावं. "मग निघालीस ना? चहा टाकू?"

समोर रस्ता दोन्हीकडे जात होता. डावीकडे घर. उजवीकडे काही नव्हतं, म्हणजे काम नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. आणखी एक मशीन बघायचंय, असं सांगता आलं असतं. काकांनी मान्यही केलं असतं. ते शब्द ताईंच्या ओठावर आले, आणि त्यांनी ते तिथेच थांबवले. कामाचं निमित्त काढून बाहेर पडायचं, तर मग काम संपलं की आत.

"आत्ता नका टाकू," त्या म्हणाल्या. "मी लगेच येत नाहीये."

"का? कुठे जायचंय?"

"कुठे नाही. उगाच."

काकांचा श्वास ऐकू येत होता. मागे घरातलं घड्याळही.

"उगाच म्हणजे... किती वेळ?"

"ते नाही माहीत."

ताईंनी गाडी चालू केली नाही. फोन कानाशी धरून तशाच बसून राहिल्या. आता ते काय म्हणतील, यावर आपण वळणार आहोत का, हे त्यांना स्वतःलाच बघायचं होतं.

"बरं," काका म्हणाले. फार हळू म्हणाले, पण म्हणाले. मग जरा थांबून, "मी मधे फोन करायचा नाही ना?"

"नका करू."

"बरं."

ताईंनी फोन पिशवीत टाकला. गाडी चालू केली, क्लच सोडला आणि ती उजवीकडे घेतली.